पिनमावशींनी लिहिलेली तारीख

मी एका कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. तिथे वर्षातून दोनदा एक बाई येतात. खांद्याला कापडी पिशवी, कमरेच्या पट्ट्यात पक्कड, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. भिंतीवर आग विझवायची जी लाल सिलिंडरं टांगलेली असतात, ती तपासणं हा त्यांचा धंदा. सिलिंडर खाली उतरवायचं, उलटंपालटं करून आतली पावडर मोकळी करायची, दाबाचा काटा हिरव्यात आहे का, दांड्यातली पिन जागेवर आहे का बघायचं, आणि शेवटी मानेला बांधलेला जुना टॅग कापून नवा बांधायचा. टॅगवर दोन तारखा असतात, भरल्याची आणि पुढची. मध्ये कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "थांबा, आधी पिन बघू द्या." म्हणून सगळे त्यांना पिनमावशी म्हणतात. एकदा आमच्या शिपायानं त्यांच्या तोंडावरच म्हटलं, तर म्हणाल्या, "बरंय की. नुसती मावशी म्हटलं की चार जणी वळून बघतात. पिनमावशी म्हटलं की मीच."

त्यांचं दुकान आमच्या घराच्या वाटेवर आहे. लांबट, अंधारं, मागे लोखंडी शेड. पुढे त्यांचे दीर बसतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. मागे मावशी सिलिंडरं भरतात. हे काम मूळ त्यांच्या नवऱ्याचं. ते नऊ वर्षांपूर्वी अचानक गेले. तोवर मावशी फक्त टॅग लिहायच्या, कारण अक्षर चांगलं. नवऱ्यानं त्यांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: सिलिंडर केव्हा बनलं याला फार महत्त्व नाही, आपण ते केव्हा भरलं याला आहे. आपल्या हातानं भरलं त्या दिवशी घड्याळ सुरू. टॅगवर आपण लिहिली ती तारीख म्हणजे आपला शब्द.

आता या मावशींचा आणि पेपर स्प्रेचा संबंध कसा आला ते सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी कचऱ्याची गाडी दुकानासमोर उभी होती. गाडीवरची ताई पिशव्या आत टाकत होती आणि गाडीतलं दाबयंत्र त्या चेपत होतं. एका पिशवीत कुणीतरी जुना पेपर स्प्रे टाकला होता. तो फुटला. ताई जागच्या जागी खाली बसली, डोळ्यांवर हात, ओरडताही येईना. चालक खोकत खोकत पळाला. मावशी शेडमधून पाण्याची नळी ओढत आल्या, तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि म्हणाल्या, "चोळायचं नाही. मला शिव्या दे, पण चोळू नकोस." पंधरा-वीस मिनिटं पाणी चालू ठेवलं. ताईनं खरंच शिव्या दिल्या म्हणे, आणि मावशी प्रत्येक शिवीला "हो, बरोबर" म्हणत होत्या.

संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यावर लिहिलं, 'जुने स्प्रे कचऱ्यात टाकू नका, इथे द्या.' दीर म्हणाले, "वहिनी, आपलं दुकान आहे की भंगारखाना?" मावशी म्हणाल्या, "टाकणारीची काय चूक? कुठे टाकायचं हे तिला कुणी सांगितलं होतं का?"

डबा भरू लागला. पर्सच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेले, झाकण गेलेले, बाहेरून गंजलेले. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी मावशी ते घेऊन शेडमागच्या मोकळ्या जागेत जायच्या. काठीला कापडाची पट्टी बांधून वारा बघायच्या, वाऱ्याकडे पाठ करायच्या, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, तोंडाला जाड मास्क, हातात रबरी मोजे. एकेक स्प्रे ओल्या वाळूच्या पिंपात दाबून पार रिकामा करायचा. टोचायचा नाही, ठोकायचा नाही. मग रिकाम्या नळ्या आणि पिंपातली वाळू झाकण घट्ट लावून घातक कचऱ्याच्या केंद्रावर पोचवायची. तिथल्या कारकुनापुढे रंगाचे डबे, बॅटऱ्या, औषधं असे रकाने होते. हे कुठे लिहायचं त्याला कळेना. "आत काय असतं?" त्यानं विचारलं. "मिरचीचा अर्क." त्यानं बराच विचार करून 'इतर'मध्ये लिहिलं, 'मसाले'. अजूनही तेच लिहितो.

जुना देणारी बाई नवा मागणारच. "मावशी, तुम्हीच ठेवा ना विकायला. त्या दुकानात मागायचं म्हणजे चार पुरुष वळून बघतात." अशी सुरुवात झाली. मावशींनी खोका मागवला, प्रत्येक स्प्रेला काळं रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं आणि सवयीनं त्याला छोटा टॅग बांधला. दिल्याची तारीख, पुढची तारीख. मध्ये दोन वर्षं.

पहिल्या दिवसांत त्या वहीत नावंही लिहायच्या. ते बंद झालं ते एका मुलीमुळे. तिचा भाऊ सिलिंडर भरून न्यायला आला, वही उघडी होती, बहिणीचं नाव दिसलं. घरी जाऊन त्यानं रान उठवलं. तुला हे कशाला लागतं, कोण मागे लागलंय, काय लपवतेस. महिन्याभरात तिची नोकरी सुटली. मावशींनी वहीची पानं फाडली. त्यानंतर कुणाचं नाव विचारलं नाही, लिहिलं नाही. बाया बिनधास्त यायला लागल्या त्या यामुळेच.

माझ्या लेकीचा स्प्रेही मी त्यांच्याकडूनच घेतला. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, घरी यायला साडेनऊ होतात. मी आठपासून गॅलरीत. तिचं म्हणणं, "आई, तू गॅलरीत उभी राहिलीस म्हणून बस लवकर येत नाही. उलट चालकाला तुझं टेन्शन येत असेल." तरी स्प्रे तिच्या किल्ल्यांना लावलेला असायचा. टॅगवर पुढची तारीख आणखी पाच महिन्यांनी होती. मी तो टॅग दर आठवड्याला वाचायचे. तोंडपाठ असलेलं पुन्हा वाचण्यात मला काय मिळायचं, ते दुसऱ्या आईलाच कळेल.

या वर्षी तिची बदली दोन महिन्यांसाठी दुसऱ्या शाखेत होणार होती. तिथून यायला दोन बस. मी तिची पर्स आवरायच्या निमित्तानं (ती याला झडती म्हणते) स्प्रे कव्हरमधून बाहेर काढला. याआधी कधी काढला नव्हता. तळाशी काहीतरी छापलं होतं, अर्धवट पुसलेलं. वाचनालयातलं भिंग आणून बघितलं. मुदत संपून अकरा महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी दुकानात गेले. मावशी शेडमध्ये होत्या. मी एका हातात टॅग आणि दुसऱ्या हातात तळ धरून दाखवला.

"टॅग माझ्याच हातचा आहे," त्या म्हणाल्या. "अजून पाच महिने आहेत."

"मावशी, खाली बघा ना."

"खालची कारखान्याची तारीख असते हो. ती आपण धरत नाही."

"सिलिंडरची धरत नसाल. ते तुम्ही उघडून पुन्हा भरता. हा तुम्ही भरलाय का?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडचं भिंग घेतलं. मग कपाट उघडून खोका काढला. त्यात पाच स्प्रे शिल्लक होते. पाचही कव्हरमधून काढून ओळीनं उलटे उभे केले. सगळ्यांच्या तळाला तीच तारीख. पहिला खोका त्यांना ताजा मिळाला होता, त्यामुळे दोन वर्षांचा हिशेब तिथे चुकून बरोबर आला होता. हा दुसरा खोका घाऊक दुकानदाराकडे दीड वर्ष पडून असणार. मावशींनी त्यावरही सवयीप्रमाणे आपलं घड्याळ लावलं होतं. आपल्या हातून गेला त्या दिवसापासून.

"चला मागे," त्या म्हणाल्या.

मागच्या जागेत त्यांनी काठी रोवली, वारा बघितला, मला पाठीमागे लांब उभं केलं आणि माझ्या लेकीचा स्प्रे दाबला. नवा असता तर धार दहा-बारा फूट गेली असती. ही तीन फुटांवर वाकली, मग गळायला लागली, आणि शेवटचे थेंब मावशींच्या बुटावर पडले. 'फुस्स' असा आवाज आला, कुणीतरी हसू दाबल्यासारखा.

मावशी बुटाकडे बघत राहिल्या.

"आतलं तिखट तसंच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते ढकलणारी हवा गेली. सिलिंडरला काटा असतो, बघून कळतं. याला काटा नाही. याला फक्त ती तारीख होती, आणि तीच मी कव्हराखाली झाकली."

खोक्यात अठ्ठेचाळीस होते. पाच घरात, एक माझ्या हातात. बेचाळीस बाया तो स्प्रे पर्समध्ये घेऊन फिरत होत्या, आणि एकीचंही नाव मावशींकडे नव्हतं.

दुपारपर्यंत दीरांना कळलं. मी संध्याकाळी परत गेले तेव्हा दोघांचं चाललेलं होतं.

"वहिनी, गाजावाजा कशाला? येईल तिला गपचूप बदलून द्या."

"येणार कशी? टॅग सांगतोय अजून वेळ आहे. ती निवांत आहे घरी."

"मग लिहा, कंपनीनं माल परत मागवलाय. त्यात कुणाचं नाव खराब होत नाही."

"कंपनीनं कुठे मागवलाय? त्यांनी तारीख छापली होती. मी वाचली नाही."

"अहो, पण उद्या सिलिंडरवाले विचारतील, तुमच्या टॅगवर भरवसा ठेवायचा का म्हणून. दादानं वीस वर्षं घालून मिळवलंय हे नाव."

दादाचं, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचं, नाव निघालं. मला वाटलं, आता मागे सरणार. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमच्या कॉलेजात मोठा कागद असतो ना, सूचनेचा? आणि तो जाड निळा पेन?"

सूचना त्यांनीच सांगितली, मी लिहिली. मी आपलं 'तांत्रिक कारणामुळे' असं काहीतरी सुचवलं, तर म्हणाल्या, "कारण तांत्रिक नाही, ताई. कारण मी आहे." शेवटी असं झालं:

'आमच्या दुकानातून घेतलेल्या काळ्या कव्हरच्या पेपर स्प्रेवर मी चुकीची तारीख लिहिली आहे. टॅगवर विश्वास ठेवू नका. कव्हर काढून तळाची तारीख वाचा. मुदत संपली असेल तर तो चालणार नाही. घेऊन या, बदलून देते. नाव विचारणार नाही. चूक माझी आहे.'

दुकानावर एक लावली. मी आमच्या मुलींच्या विश्रांतीच्या खोलीत लावली. मावशी जिथे जिथे सिलिंडरं तपासायला जात, दवाखाना, दोन शाळा, बस डेपो, शिवणकामाचं युनिट, तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावल्या. आतल्या बाजूला, म्हणजे बाहेर कुणी वाचत उभं राहिलं असं दिसायला नको.

पहिल्या आठवड्यात सव्वीस आल्या. मी रोज परतताना दुकानात डोकवायचे, निमित्त माझ्या लेकीचं, खरं तर आकडा ऐकायला. डेपोतली एक कंडक्टर बाई आली ती हसतच. "मावशी, मला वाटलंच होतं. गेल्या वर्षी एका कुत्र्यावर मारला. त्यानं एक शिंक दिली आणि पुन्हा माझ्या मागे. तिकीट काढायचं राहिल्यासारखं."

"मग सांगायचं नाही का तेव्हाच?"

"मला वाटलं कुत्रंच तसलं."

एका शिक्षिकेनं सांगितलं, सासूबाईंनी तो झुरळांचा समजून ओट्याखाली मारला. "झुरळं मजेत. आम्ही सगळे तासभर गॅलरीत."

"मारल्यावर चालला म्हणजे थोडा तरी?" मावशींनी एकदम विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. शिक्षिकेचा पहिल्या खोक्यातला निघाला.

सगळ्याच हसल्या नाहीत. दवाखान्यातली एक परिचारिका स्प्रे टेबलावर आपटून म्हणाली, "मी रात्रपाळीला याच्या जिवावर मागच्या गेटनं जाते. पुढच्या गेटनं दहा मिनिटं जास्त लागतात, पण तिथे दिवे आहेत. हा नसता तर मी पुढच्यानं गेले असते." मावशी म्हणाल्या, "हो." तिनं नवा घेतला नाही. जाताना म्हणाली, आता पुढच्याच गेटनं जाते. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लेकीला स्प्रे दिल्यापासून तिला न्यायला स्टॉपवर जाणं मी बंद केलं होतं.

दीरांचं भाकीतही खरं झालं. एका शाळेच्या पर्यवेक्षकांनी कळवलं, आमची सगळी सिलिंडरं पुन्हा तपासून द्या, आमच्यासमोर. मावशींनी एकोणीस सिलिंडरं एकेक करून उतरवली, उघडली, दाखवली. सगळी ठीक निघाली. पर्यवेक्षक म्हणाले, "तसं नव्हतं म्हणायचं आम्हाला." मावशी म्हणाल्या, "तसंच होतं, आणि बरोबर होतं." दीर त्या दिवशी स्वतः शिडी धरून उभे होते. घरी जाताना एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आधी मला सांगा. मी वाचीन खालचं. माझे डोळे बरे आहेत."

तिसऱ्या आठवड्याअखेर एक्केचाळीस झाल्या. एक राहिली.

"कुठली राहिली हे तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं. "नाव नाही, पत्ता नाही."

मावशींनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागल्या. नावानं नाही. जिनं डाव्या हातानं दाबून बघितला ती, जिच्याबरोबर आई होती ती, दारात चप्पल तुटली ती, दोन घेतले त्या जुळ्या. बेचाळिसाव्या बोटावर थांबल्या.

"जिनं टॅग कापायला लावला ती."

मग आठवून आठवून सांगितलं. शिवणकामाच्या युनिटमध्ये कडा शिवायच्या मशीनवर बसायची. तिथे सिलिंडर तपासायला गेल्या असताना जिन्यात गाठलं होतं तिनं. नवऱ्याला सोडून बहिणीकडे राहत होती, तो अधूनमधून कामाच्या ठिकाणी येऊन उभा राहायचा. तिला टॅग नको होता, लोंबतो आणि दिसतो म्हणून. मावशींनी पकडीनं कापून दिला. तिनं विचारलं, "मग मला कळणार कसं कधीपर्यंत चालेल?"

"आणि मी काय म्हणाले माहितीय, ताई?" मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. "म्हणाले, दोन वर्षं बिनघोर राहा."

शिवणकामाच्या युनिटमधली सूचना तिनं वाचली नसणार, कारण ती तिथे नव्हतीच. मावशींनी तपासणीच्या निमित्तानं जाऊन चौकशी केली, तीही जपून, मशीनवरच्या शेजारणीकडे. शेजारीण आधी काही सांगेना. "तुम्हाला कुणी पाठवलंय?" म्हणाली. मावशींना तिचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. त्यांनी सूचनेचा कागद दाखवला. शेजारणीनं दोनदा वाचला आणि मग सांगितलं: सात-आठ महिन्यांपूर्वी काम सोडलं, आता मोठ्या दवाखान्याच्या धुलाई विभागात आहे, तीनला सुटते.

तिथली सिलिंडरं दुसरंच कुणी बघतं, त्यामुळे आत जायला निमित्त नव्हतं. शनिवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि मावशींना स्कूटरवर मागे बसवून नेलं. वाटेत त्यांनी एकदाही वाट सांगितली नाही. एरवी मागे बसून "डावीकडून, डावीकडून" करणारी बाई.

धुलाई विभाग दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. आतून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. तीन वाजता बायका बाहेर पडायला लागल्या, ओले हात पदराला, ओढणीला पुसत. मावशींनी तिला लगेच ओळखलं. तिनंही. पण थांबताना आधी मागे बघितलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे.

"ही माझ्याबरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "लेकीची आई आहे."

एवढ्या ओळखीवर तिचं समाधान झालं.

"तो स्प्रे आहे का गं तुझ्याकडे?"

तिनं पिशवीतून काढला. कव्हर झिजलेलं, झाकणाला धाग्याचे वेढे. मावशींनी हातात घेतला आणि हलवून बघितला. त्यांना कळलं असावं.

"वापरलास?"

"एकदा. गेल्या थंडीत." ती सहज सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "बहिणीच्या जिन्यात उभा होता. मी दाबला. धड उडालाच नाही, माझ्याच मनगटावर सांडला. तो हसायला लागला."

"मग?"

"मग काय. तो पोट धरून हसत होता, मी बाजूनं खाली पळाले. वाण्याच्या दुकानात जाऊन बसले. आठ दिवस मनगट जळत होतं. मावशी, मला तेव्हा धड दाबताच आलं नाही. तुम्ही शिकवलं होतंत, अंगठा असा, हात लांब. पण हात थरथरत होता. बहीण पण म्हणाली, तुझ्याच्यानं एक बटण दाबवलं नाही. म्हणून मग दुसरा मागायला आले नाही मी. मला देऊन काय उपयोग."

मावशींनी सूचनेचा कागद आणला होता, पण तो काढला नाही.

"तुझा अंगठा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "त्याच्यात जोरच नव्हता. तुला दिला त्यानंतर चार महिन्यांनी त्याची मुदत संपली. तारीख खाली लिहिलेली होती, मी वाचली नाही. मी तुला दोन वर्षं म्हणाले."

ती ऐकत होती. पहिल्यांदा काही कळलंच नाही तसा चेहरा. मग तो हळूहळू बदलला.

"बिनघोर राहा म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मी सगळी थंडी मलाच बोल लावत बसले, मावशी."

मावशींनी मान हलवली. मला वाटत होतं, आता ती 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हणेल. आपल्याकडे बाया म्हणतात ना, समोरच्याला मोकळं करायला, स्वतः कितीही अडकलेल्या असल्या तरी. ती तसं म्हणाली नाही. मावशींनीही त्याची वाट बघितली नाही.

मग ती म्हणाली, "नवा आणलाय का?"

मावशींनी पिशवीतून काढून दिला. कव्हर नाही, टॅग नाही. तिनं तो स्वतःच उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि तळाची तारीख मोठ्यानं वाचली, महिना, वर्ष. मग मला वाचायला लावली. मी वाचल्यावर तिनं पुन्हा एकदा वाचली.

"हा उडतो?"

"बघायचाय?"

धुलाईच्या इमारतीपलीकडे मोकळी पडीक जागा आहे, शेवटाला बिनखिडक्यांची भिंत. बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. मावशींनी चिमटीत माती घेऊन सोडली, वारा कुठे जातोय ते बघितलं, मला आणि तिला बाजू बदलायला लावली. "एकच क्षण. दाबायचं आणि सोडायचं. जास्त नाही, तो तुझ्यासाठी राहू दे."

तिनं हात लांब केला. हात थरथरत होता, मला दिसत होतं. अंगठा खाली गेला आणि एक सरळ, बारीक धार सुटली, आमच्यापासून चांगली दहा-बारा फूट. भिंतीवर हाताएवढा ओला डाग पडला.

तिनं अंगठा उचलला. हात मात्र तसाच लांब ठेवला, खाली घ्यायचा विसरल्यासारखा.

"थरथरला तरी जातो," ती म्हणाली.

मावशींनी जुना स्प्रे रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि वारा फिरायच्या आत आम्हा दोघींना दंडाला धरून रस्त्यावर आणलं.